डब्याच्या आंतली बाजू

पितळेच्या पातेल्यांत रात्रभर राहिलेलें ताक सकाळीं कोणी पीत नाहीं. तें कळकलेलें असतें. महाराष्ट्रांतील गृहिणींनीं हा निर्णय कोणत्याहि रसायनशाळेस न विचारतां पिढ्यान् पिढ्या दिला, आणि त्यावर उपायहि त्यांस ठाऊक होता. कल्हईवाला अंगणांत भट्टी पेटवी, भांडें चांगलें तापवी, त्यांत नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानें तें वितळलेलें कथील आंतून सर्वत्र पसरी. पितळ व ताक यांच्यामध्यें कथलाचा पापुद्रा आला कीं भांडें निर्धोक झालें. ‘कळकणें’ या एका क्रियापदांत पुष्कळ शास्त्र सांठवलेलें आहे. भांड्याचा कांहीं अंश अन्नांत उतरतो. पदार्थ आंबट असेल तर अधिक उतरतो, फार वेळ राहिला तर अधिक उतरतो, ऊन असेल तर अधिक उतरतो. आजच्या प्रयोगशाळांतून बाटल्या, पिशव्या व डबे यांची जी परीक्षा होते तींतहि आम्ल, काल व उष्णता हींच मुख्य असतात. भेद एवढाच कीं कळकलेलें ताक जिभेला कळतें. जें जिभेला कळत नाहीं तें किती उतरलें, व उतरलें तें कितपत बाधेल, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाचा इतिहास पहावयाचा तर पत्र्याच्या डब्याइतका बोलका साक्षीदार दुसरा नाहीं.

फ्रान्समध्यें निकोलस आपेर नांवाचा एक हलवाई होता. अन्न टिकविण्याच्या त्याच्या रीतीबद्दल १८१० सालीं तेथील सरकारनें त्यास १२,००० फ्रँक दिले. अट ही कीं त्यानें ती रीत छापून सर्वांस खुली करावी. काचेच्या बाटलींत अन्न भरावें, बूच घट्ट बसवावें आणि बाटली पाण्यांत ठेवून उकळावी, एवढीच ती रीत. ती कां साधते हें आपेरला सांगतां येत नव्हतें; त्याचें कारण सांगणारा पाश्चर तेव्हां जन्मलाहि नव्हता. त्याच वर्षीं लंडनमधील पीटर ड्युरांड या व्यापाऱ्यानें काचेच्या जागीं इतर भांडीं, विशेषतः कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचीं भांडीं, वापरण्याचा हक्क इंग्लंडांत नोंदवून घेतला, आणि १८१३ च्या सुमारास ब्रायन डाँकिन व जॉन हॉल यांनीं बर्माँडसी येथें डब्यांचा कारखाना चालू केला. इंग्लंडचें आरमार हें त्यांचें मोठें गिऱ्हाईक. खारवलेलें मांस व कडक बिस्किटें खाऊन कंटाळलेल्या खलाशांस डब्यांतील मांस म्हणजे मेजवानीच वाटली असेल. डबा उघडण्याचें हत्यार मात्र कोणाला सुचलें नव्हतें. छिन्नी व हातोडी घेऊन तो फोडावा लागे.

पाहणाऱ्यास हा डबा म्हणजे कल्हईचेंच भांडें वाटावें, आणि पत्र्यापुरतें तें खरेंहि होतें. दोष होता तो सांध्यांत. पत्रा गुंडाळून त्याच्या कडा जोडावयाच्या, तळ व झांकण बसवावयाचें, तर डाख दिल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि हा डाख शिसें व कथील यांच्या मिश्रणाचा असे. कारागीर हातानें काम करी. वितळलेला डाख सांध्यांतून आंत ओघळे व तेथेंच थिजे. अन्नाला हवाबंद ठेवणारा जो सांधा, त्याच सांध्याचें शिसें महिनोन् महिने त्या अन्नांत भिजत राही.

शिसें विषारी आहे हें त्या काळीं कोणास माहीत नव्हतें असें नाहीं. फ्रेडरिक आकुम हा लंडनमध्यें राहणारा जर्मन रसायनज्ञ. त्यानें १८२० सालीं अन्नांतील भेसळ व स्वयंपाकघरांतील विषें यांवर एक ग्रंथ लिहिला आणि तांब्याच्या व शिशाच्या भांड्यांविषयीं लोकांस सावध केलें. भेसळ करणाऱ्यांचीं नांवेंहि त्यानें छापलीं. पुढें ग्रंथालयांतील पुस्तकांचीं पानें फाडल्याचा आरोप त्याच्यावर आला व त्यास इंग्लंड सोडावें लागलें. त्याच्याबरोबर त्या विषयाची चर्चाहि बराच काळ मागें पडली. विष आहे हें ठाऊक असणें आणि तें आपल्या ताटांत किती येतें हें मोजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व दुसरी गोष्ट करण्याचीं साधनें त्या शतकाजवळ फारशीं नव्हतीं.

या अज्ञानाची सर्वांत प्रसिद्ध कथा सर जॉन फ्रँकलिनच्या सफरीची. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फांतून पॅसिफिक महासागराकडे जाणारा मार्ग शोधण्यासाठीं ‘एरेबस’ व ‘टेरर’ हीं दोन जहाजें १९ मे १८४५ रोजीं इंग्लंडहून निघालीं. त्यांवर सुमारे आठ हजार डबे चढविलेले होते. त्यांचा मक्ता स्टीफन गोल्डनर या कारखानदारास १ एप्रिलला, म्हणजे जहाजें सुटण्यास सात आठवडे उरले असतां, मिळाला होता. काम किती घाईनें झालें असेल याची कल्पना यावरून करावी. ग्रीनलंडहून परत पाठविलेले पांच जण वगळतां उरलेल्या १२९ माणसांपैकीं एकहि घरीं आला नाहीं. त्यांपैकीं तिघांचीं थडगीं बीची बेटावर सांपडलीं. सफरीच्या पहिल्याच हिंवाळ्यांत, १८४६ च्या जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत, ते तिघे वारले होते.

१८५२ सालीं गोल्डनरच्या डब्यांवरून इंग्लंडांत मोठा गवगवा झाला. आरमाराच्या कोठारांतील त्याचे डबे फोडून पाहतांना आंतील मांस सडलेलें निघालें. पार्लमेंटनें चौकशी समिति नेमली. परंतु तो सारा कोलाहल दुर्गंधीचा होता. नाकाला जें समजलें त्याची चौकशी झाली. जें नाकालाहि समजत नाहीं व जिभेलाहि समजत नाहीं तें तसेंच राहिलें.

पुढें सुमारें एकशें तीस वर्षांनीं कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांनीं बीची बेटावरील तीं थडगीं उघडलीं. एक १९८४ सालीं, व उरलेलीं दोन १९८६ सालीं. सतत गोठलेल्या जमिनींत तीं प्रेतें जशींच्या तशीं राहिलीं होतीं. त्यांच्या शरीरांत शिशाचें प्रमाण फार मोठें आढळलें. आसपास पडलेल्या डब्यांच्या आंतल्या सांध्यावर डाखाचे जाड ओघळ होते, आणि शिशाच्या निरनिराळ्या अणुभारांचें परस्पर प्रमाण तपासतां प्रेतांतील शिसें व डाखांतील शिसें यांचा मेळ बसला. डब्यांनींच ही सफर बुडविली, असा समज त्यानंतर जगभर पसरला.

येथें मात्र थोडें थांबलें पाहिजे. गोष्ट इतकी जुळणारी होती कीं ती खरी मानण्याचा मोह अनावर व्हावा. पण नंतरच्या अभ्यासकांनीं तिला हळूहळू मर्यादा घातल्या. कोणी जहाजांवरील पाण्याच्या नळांकडे बोट दाखविलें. २०१७ सालीं त्या तिघांपैकीं जॉन हार्टनेल याच्या नखाची परीक्षा प्रसिद्ध झाली. नख हळूहळू वाढतें, म्हणून तें गेल्या कांहीं महिन्यांची रोजनिशीच असतें; त्यांत शिशाचें प्रमाण केवळ शेवटच्या आठवड्यांत वाढलेलें आढळलें, व जस्ताची उणीव मात्र आधींपासून दिसली. २०१८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत सफरींतील माणसांच्या हाडांची तपासणी झाली, आणि त्यांच्या नाशांत शिशाचा मोठा वांटा होता असें म्हणण्यास आधार नाहीं, असा निष्कर्ष निघाला. त्या काळच्या इंग्लंडांत शिसें नळांत होतें, रंगांत होतें, भांड्यांच्या चकाकींत होतें. खलाशी जहाजावर चढले तेव्हांच तें हाडांत घेऊन चढले. शरीरांत विष सांपडलें, डब्यांत विष सांपडलें, म्हणून डब्यानेंच मारलें असें सिद्ध होत नाहीं. कोणी किती खाल्लें, किती दिवस खाल्लें आणि दुसरीकडून किती आलें हें कळल्यावांचून न्याय करतां येत नाहीं.

‘किती’ हा शब्द या शास्त्राचा प्राण आहे. सोळाव्या शतकांत पॅरासेल्सस या वैद्यानें असें प्रतिपादिलें होतें कीं प्रत्येक वस्तु विष आहे. ती विष ठरते कीं नाहीं तें केवळ मात्रेवर. आपल्या वैद्यांसहि बचनागाविषयीं हेंच माहीत होतें. परंतु मात्रेचा आंकडा ठरवून तो कायद्यांत घालण्यास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. १९५४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनांतील लेहमन व फिट्झह्यू या दोघांनीं एक साधा हिशेब मांडला. उंदरांस जी मात्रा जन्मभर देऊनहि बाधा दिसत नाहीं, तिला शंभरानें भागावें. दहा यासाठीं कीं माणूस उंदराहून नाजूक असूं शकेल. आणखी दहा यासाठीं कीं माणसां-माणसांत भेद असतो, बालक, वृद्ध व आजारी यांस तीच मात्रा अधिक लागेल. हे दहाचे आंकडे कोणत्याहि प्रयोगांतून निघालेले नाहींत. ते व्यवहारी शहाणपणाचे आहेत. तरीहि जगांतील बहुतेक कायदे आज सत्तर वर्षें त्यांवर उभे आहेत.

याहून मोठा पालट १९५८ सालीं झाला. त्या वर्षीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं वेष्टनांतून अन्नांत उतरण्याचा संभव असलेला पदार्थ हा अन्नांत घातलेलाच पदार्थ समजावा, आणि तो निर्धोक आहे हें वापरणाऱ्यानें आधीं सिद्ध करावें. तोंपर्यंत अपाय सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता. म्हणजे माणसें आजारी पडल्यावर चौकशी. आतां भार कारखानदारावर आला. जुन्या परिचयाच्या कित्येक पदार्थांस त्यांतून सूट मिळाली ही गोष्ट निराळी.

मग परीक्षेची रीत ठरली. खऱ्या लोणच्याची किंवा खऱ्या तुपाची परीक्षा करणें अवघड, म्हणून त्यांचे प्रतिनिधि नेमले गेले: आंबट पदार्थांसाठीं पातळ केलेलें व्हिनेगारचें आम्ल, स्निग्ध पदार्थांसाठीं ऑलिव्हचें तेल, आणि पाणी व मद्यार्क हे इतरांसाठीं. वेष्टनाचा तुकडा त्यांत बुडवून चाळीस अंश उष्णतेंत दहा दिवस ठेवावयाचा व उतरलेला अंश तोलावयाचा. युरोपांतील नियमांप्रमाणें प्लॅस्टिकमधून एका किलो अन्नांत एकंदर साठ मिलिग्रॅमहून अधिक उतरतां कामा नये. भारताच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांतहि हाच आंकडा आहे. ताकाचें पातेलें रात्रभर ठेवून सकाळीं चाखण्याची ती जुनी परीक्षाच येथें तराजू घेऊन उभी राहिलेली दिसते. त्याच भारतीय नियमांनीं वर्तमानपत्रांत अन्न बांधण्यास मनाई केली. ऊन भजीं व बटाटेवडे यांच्या तेलांत छपाईची शाई कशी विरघळते हें पाहण्यास तर दहा दिवसहि लागत नाहींत. कागद उलगडला कीं वड्यावर अक्षरें वाचावीं.

आतां पुन्हां शिशाकडे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तळ व झांकण पत्र्याच्या कडा दुमडून दाबून बसविण्याची युक्ति निघाली, व तेथील डाख गेला. बाजूचा उभा सांधा मात्र अनेक दशकें शिशाच्याच डाखानें जोडला जाई. तान्ह्या मुलांचें आटवलेलें दूधहि अशा डब्यांतून येई. त्यांतून उतरणारें शिसें अल्प आहे असें तज्ज्ञ सांगत, आणि त्यांच्या कोष्टकांवरून तें तसेंच दिसे.

हीं कोष्टकें कशीं होतीं हें क्लेअर पॅटरसन यानें दाखवून दिलें. हा तोच शास्त्रज्ञ, ज्यानें शिशाच्या साहाय्यानें पृथ्वीचें वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडें अधिक असल्याचें १९५६ सालीं सिद्ध केलें. तें काम करतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं शिसें हवेंत आहे, धुळींत आहे, प्रयोग करणाऱ्याच्या केसांत व कपड्यांत आहे. म्हणून त्यानें अत्यंत स्वच्छ अशी प्रयोगशाळा उभारली. १९८० सालीं त्यानें व डोरोथी सेटल या सहकारिणीनें ट्यूना माशाची परीक्षा प्रसिद्ध केली. सरकारी प्रयोगशाळेच्या मतें डब्यांतील माशांत ताज्या माशाच्या फार तर दुप्पट शिसें होतें; तेव्हां डब्याचा दोष तो कितीसा? पॅटरसनला आढळलें कीं ताज्या माशाच्या एका किलो मांसांत शिसें केवळ ०.३ मायक्रोग्रॅम असतें. सरकारी आंकडा याच्या हजारपटीहून अधिक होता. मासा शुद्ध होता. शिसें प्रयोगशाळेचें होतें! डाख नसलेल्या डब्यांत भरलेल्या माशांत तें सुमारें वीसपट झालें, आणि शिशाचा डाख असलेल्या डब्यांत सुमारें चार हजारपट. मोजणाऱ्याचें भांडेंच कळकलेलें होतें, व त्या भांड्यानें मोजून सारें जग निश्चिंत बसलें होतें. या विषयाच्या इतिहासांत याहून शरमेचें पान क्वचितच सांपडेल.

त्याच सुमारास, १९७९ सालीं, हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन वैद्यानें शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करून त्यांतील शिसें मोजलें. दिसण्यांत सर्व मुलें निरोगी होतीं. परंतु ज्यांच्या दांतांत शिसें अधिक, त्यांची बुद्धि व लक्ष यांच्या परीक्षेंतील कामगिरी उणी निघाली. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण पुढील अभ्यास त्याच दिशेनें गेले. अमेरिकेंत शिशाच्या डाखाचे अन्नाचे डबे बनणें १९९१ मध्यें थांबलें व १९९५ मध्यें कायद्यानें त्यांस बंदी झाली. २०१० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनें शिशाची आपलीच पूर्वीची साप्ताहिक मर्यादा मागें घेतली आणि आरोग्याचें रक्षण करील अशी नवी मर्यादा सांगतां येत नाहीं असें नमूद केलें. मात्रेच्या शास्त्रानें येथें हात टेकले.

शिसें गेलें, पण पत्रा व अन्न यांच्यामधील भांडण राहिलेंच. टोमॅटो व अननस यांचें आम्ल कथील खातें, मासे व मांस यांतील गंधक पत्रा काळा करतो. म्हणून डब्यास आंतून रोगणाचें अस्तर देण्याची चाल पडली, आणि १९५० नंतर त्या कामीं इपॉक्सी नांवाचें रोगण सर्वत्र झालें. तें चिवट, निर्गंध, आम्लाला दाद न देणारें. यंत्रानें दिलेली ती कल्हईच होय. हें रोगण ज्यापासून बनतें त्या द्रव्याचें नांव बिस्फेनॉल-ए.

आश्चर्य हें कीं या द्रव्याचा एक गुण आधींच छापलेला होता. दियानिन या रशियन रसायनज्ञानें तें १८९१ सालीं बनविलें. आणि १९३६ सालीं लंडनमध्यें चार्ल्स डॉड्स व विल्फ्रिड लॉसन यांनीं तें स्त्री-शरीरांतील अंतःस्रावाप्रमाणें कार्य करतें असें दाखविलें. डॉड्स औषध शोधीत होता. त्याला याहून पुष्कळ तीव्र असें द्रव्य सांपडलें व हें बाजूस पडलें. औषधशास्त्राच्या कपाटांत एक कागद, रोगणाच्या कारखान्यांत दुसरा. दोहोंची गांठ पडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ गेला. अंतःस्रावांची मात्रा निसर्गतःच अत्यल्प असते, म्हणून मोठ्या मात्रेपासून खालीं भागत येणारा शंभराचा हिशेब येथें कितपत पुरा पडेल, असा प्रश्न मग उभा राहिला.

त्याचें उत्तर आंकड्यांत पहावें. साठ किलो वजनाचा मनुष्य घेतला तर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २००६ च्या हिशेबानें त्यास दिवसाकांठीं तीन मिलिग्रॅम बिस्फेनॉल-ए चालावें. २०१५ च्या हिशेबानें पाव मिलिग्रॅमहून किंचित् कमी. २०२३ च्या हिशेबानें बारा नॅनोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतील बारा. आठ वर्षांत मर्यादा वीस हजार पटींनीं खालीं आली. द्रव्य तेंच, मनुष्य तोच. पाहण्याची जागा बदलली. पूर्वीं उंदरांच्या मूत्रपिंडांचें वजन पाहत. २०२३ सालीं रोगप्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पेशींची संख्या पाहिली. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेस हें पटलें नाहीं. त्या पेशी वाढल्यानें मनुष्यास अपाय होतो हें सिद्ध नाहीं असें म्हणून तिनें स्वतःची मर्यादा काढली, ती हजारपट सैल आहे. तीच पुस्तकें वाचून दोन विद्वत्सभा इतक्या अंतरावर उभ्या राहतात, यावरून कोणी शास्त्राची थट्टा करील. परंतु मतभेद कोठें आहे हें अशा स्पष्टपणें लिहून ठेवणें हें त्या ट्यूना माशाच्या कोष्टकापेक्षां खचित प्रामाणिक होय.

बालकांच्या दुधाच्या बाटल्यांतून हें द्रव्य युरोपनें २०११ सालीं व अमेरिकेनें २०१२ सालीं हद्दपार केलें होतें. डब्यांच्या अस्तरास अमेरिकेनें तेव्हां हात लावला नाहीं. युरोपीय संघानें मात्र २० जानेवारी २०२५ पासून अन्नाच्या संपर्कांत येणाऱ्या वस्तूंत तें वापरण्यास बंदी केली. बहुतेक वस्तूंसाठीं कारखानदारांस अठरा महिन्यांची मुदत मिळाली. फळें, भाज्या व मासे यांच्या डब्यांस छत्तीस महिने द्यावे लागले. आम्लास व गंधकास पुरून उरेल असें दुसरें रोगण शोधून त्याची परीक्षा करण्यास तितका काळ हवा, असें ठरलें. मुदतींत तयार झालेले डबे त्यानंतरहि एक वर्ष भरतां येतात, आणि भरलेला माल सांठा संपेपर्यंत विकतां येतो.